पन्नाशीचे ॲडव्हेंट स्पीकर : दुरुस्त करावेत की बदलावेत?

मारवा

आमच्या घरी ॲडव्हेंट कंपनीच्या मोठ्या स्पीकरांची एक जोडी आहे. माझे थोरले काका १९७० च्या दशकात बॉस्टनजवळ शिकत असताना त्यांनी ती विकत घेतली आणि परत येताना घरसामानाबरोबर आणली. काकांच्या पश्चात ती माझ्याकडे आली. पेट्यांना अक्रोडाचे व्हिनियर आहे आणि ते अजून चांगले आहे. प्रश्न आवाजाचा आहे. गेल्या पावसाळ्यापासून डाव्या स्पीकरमध्ये डग्ग्याच्या प्रत्येक घिश्शाबरोबर कागद फडफडल्यासारखा आवाज येतो, आणि उजव्या स्पीकरचा वरचा भाग दबलेला वाटतो; म्हणजे तानपुरा वाजतो आहे हे कळते, पण त्याच्या जवारीचा झंकार ऐकू येत नाही.

पुण्यातल्या दोन दुकानांत विचारले. एकाने दोन्ही वूफरना (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या भागांना) नवीन कोन, म्हणजे पुढचा कागदी पडदा, टाकून देतो म्हणून सांगितले. दुसऱ्याने हे भंगारात घाला आणि साउंडबार घ्या, असा सल्ला न मागता दिला. दिवाळीनंतर आम्ही लहान फ्लॅटमध्ये राहायला जाणार आहोत, तिथला हॉल साधारण अकरा बाय सतरा फुटांचा आहे. नवी जोडी घ्यायचीच ठरली तर पाऊण लाखापर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. ऐकणे मुख्यतः शास्त्रीय गायनाचे, त्यातही जुन्या ध्वनिमुद्रणांचे. या स्पीकरांवर माझा जीव आहे हे मी लपवत नाही, परंतु निव्वळ जिव्हाळ्यापोटी बिघडलेली वस्तू जपत बसावे असेही मला वाटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अनुस्वार

पुढची कापडी जाळी काढून पाहिली आहे का? वूफरच्या कोनाभोवती जी फोमची कडा असते ती शाबूत आहे की नाही, एवढे आधी सांगा. बाकीची चर्चा त्यानंतर.

खर्ज

अनुस्वार यांनी नेमका प्रश्न विचारला आहे. मी सांगलीत बरीच वर्षे स्पीकर दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

त्या काळातील बहुतेक अमेरिकन वूफरना पॉलियुरेथेन फोमची कडा असे. हवेतील दमटपणा, ऊन आणि ओझोन यांमुळे हा फोम आपोआप विघटित होतो. स्पीकर वाजवा अथवा झाकून ठेवा, पंधरा-वीस वर्षांत तो चिकट तरी होतो किंवा बोट लावताच त्याचा भुगा तरी पडतो. तुमची जोडी एवढी वर्षे टिकली, याचा अर्थ मधल्या काळात कोणीतरी तो फोम एकदा बदललेला असणार. कडा फाटली की दोन गोष्टी होतात. कोनाला मध्यावर धरून ठेवणारा आधार जातो, त्यामुळे त्याच्या मागची व्हॉइस कॉइल (तारेचे वेटोळे) चुंबकाच्या फटीत घासू लागते. आणि पेटी हवाबंद राहत नाही. तुम्ही वर्णन केलेली फडफड जवळजवळ निश्चितपणे याचीच आहे, आणि अशा अवस्थेत मोठ्या आवाजात वाजवत राहिलात तर आज फोमपुरते असलेले काम उद्या कॉइलपर्यंत जाईल.

परीक्षा अशी करा. ॲम्प्लिफायर बंद ठेवून दोन्ही हातांची बोटे कोनावर समोरासमोर ठेवा आणि अगदी हलकेच, सरळ रेषेत आत दाबा. कान जवळ नेऊन घासल्याचा आवाज येतो का ते ऐका. मग बोटे सोडा. पेटी हवाबंद असेल तर कोन सावकाश, जणू अनिच्छेने, बाहेर येतो. झटकन परत आला तर कुठेतरी हवा गळते आहे. मल्टिमीटर असेल तर वायर सोडवून मागच्या टर्मिनलवर रेझिस्टन्स मोजा. आठ ओहमच्या स्पीकरला साधारण सहाच्या आसपास आकडा दिसतो. आकडाच आला नाही तर वूफरची कॉइल किंवा तिची वायर तुटलेली आहे.

दुकानदार म्हणतो तसा नवीन कोन मात्र कृपा करून टाकू देऊ नका. आपल्याकडे ‘कोन टाकून देतो’ म्हणजे मिळेल त्या वजनाचा तयार कागदी कोन, मिळेल ती कॉइल आणि स्पायडर (कोनाला मागून धरणारी लवचीक चकती). वूफर वाजेल, परंतु तो वूफर तुमचा राहणार नाही. कोनाचे वजन आणि कडेचा मऊपणा यांवर त्याची मूळ कंपनसंख्या ठरते आणि पेटी त्या हिशेबाने बांधलेली असते. त्याच कारणाने जाड रबरी कडाही नको. रबर टिकते हे खरे, पण या वूफरसाठी ते जड आणि ताठ पडते आणि खर्जच आटतो. योग्य मापाची, योग्य मऊपणाची फोमची कडा मागवावी लागते.

केंब्रिजकर

मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो आणि या स्पीकरांचे इथे अजूनही बरेच चाहते आहेत, म्हणून थोडी पार्श्वभूमी देतो. निर्णयाशी तिचा संबंध आहे.

हेन्री क्लॉस यांनी १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांच्यासोबत केंब्रिज येथे अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. तोवर खोल खर्ज हवा असेल तर कपाटाएवढी पेटी लागत असे. व्हिल्चर यांनी वूफरचा आधार मुद्दाम ढिला ठेवला आणि हवाबंद पेटीतील हवेलाच स्प्रिंगचे काम दिले, त्यामुळे पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या पेटीतून तेवढाच खर्ज मिळू लागला. पुढे १९५७ मध्ये क्लॉस, माल्कम लो आणि जोसेफ अँटन हॉफमन यांनी केएलएच स्थापन केली. यांतील हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम असा, की खोल खर्ज, लहान पेटी आणि कमी विजेत मोठा आवाज या तिन्हींपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात, तिसरी सोडावी लागते. १९६७ मध्ये क्लॉस यांनी ॲडव्हेंट काढली ती खरे तर प्रोजेक्शन टेलिव्हिजन बनवण्यासाठी. स्पीकर हा त्या स्वप्नासाठी पैसा उभा करण्याचा मार्ग होता. तरीही १९६९ चा हा स्पीकर त्यांनी मन लावून बनवला. महागड्या स्पीकरांएवढा खर्ज निम्म्याहून कमी किमतीत देणे हा त्यामागचा हेतू होता, आणि सोडले काय, तर विजेची काटकसर.

म्हणून मारवाताई, तुमचा ॲम्प्लिफायर कोणता आणि किती वॉटचा आहे, हे अवश्य कळवा. हे स्पीकर कमी संवेदनशील आहेत. दुसऱ्या एखाद्या जोडीपेक्षा तीन डेसिबल मागे असलेल्या स्पीकरला तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट वॉट लागतात, आणि ताकद संपलेला ॲम्प्लिफायर जेव्हा फाटू लागतो तेव्हा दोष स्पीकरच्या माथी मारला जातो.

आणखी एक. मागच्या बाजूला ट्वीटरची (वरचे स्वर वाजवणाऱ्या लहान भागाची) पातळी कमी-जास्त करणारा तीन जागांचा स्विच असेल. पन्नास वर्षांत त्याचे संपर्कबिंदू काळे पडतात. उजव्या स्पीकरचा स्विच सगळ्या जागांवरून पुष्कळ वेळा पुढेमागे फिरवून पाहा आणि मग जवारी ऐका.

रोकठोक

इथे सर्वांचा सूर दुरुस्तीकडे दिसतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

१९६९ मध्ये स्पीकरची रचना बव्हंशी अनुभव आणि कान यांच्या भरवशावर होत असे. वूफरला जुळणारी पेटी आखण्याची थील आणि स्मॉल यांची गणिते जगभर रुळली ती १९७० च्या दशकात. आज मध्यम किमतीचा स्पीकरसुद्धा संगणकावर आखला जातो, समोरून आणि बाजूंनी मोजला जातो, आणि दोन स्पीकरांतील फरक फार थोडा ठेवता येतो. तुमच्या दोन स्पीकरांचे वय सारखे असले तरी झीज सारखी नसणार. आज फोम, उद्या कपॅसिटर (ट्वीटरकडे फक्त वरचे स्वर जाऊ देणारा भाग), परवा ट्वीटर. आणि ट्वीटर गेला तर मूळ सुटा भाग मिळवण्यासाठी जुन्या बाजारातच शोधाशोध करावी लागेल, तोही तेवढाच जुना असेल.

दुसरे, अकरा फूट रुंदीच्या हॉलमध्ये या दोन पेट्या टीव्हीच्या बाजूला जमिनीवर भिंतीला टेकूनच बसणार. तिथे खर्ज घुमेल आणि गायकाचा आवाज पोटातून आल्यासारखा वाटेल. साडेसहा इंची वूफरचे आधुनिक बुकशेल्फ स्पीकर चांगल्या स्टँडवर ठेवले तर त्या खोलीत अधिक स्वच्छ वाजतील. भारतीयच हवे असतील तर कोलकात्याच्या सोनोडाइनचे स्टुडिओ मॉनिटरही ऐकून पाहण्यासारखे आहेत. जिव्हाळा हे जोडी जवळ ठेवण्याचे पूर्ण सन्माननीय कारण आहे. फक्त त्याला ‘आवाज चांगला आहे’ असे नाव देऊ नये, इतकेच.

खर्ज

रोकठोक यांचा ट्वीटरचा मुद्दा मला मान्य आहे. तो सुटा भाग खरोखर दुर्मीळ आहे आणि म्हणून बोटे, फडकी आणि नातवंडे त्याच्यापासून दूर ठेवावीत. बाकी मुद्द्यांवर मात्र मतभेद आहे.

या स्पीकरमध्ये वूफरकडून ट्वीटरकडे जाण्याची सीमा साधारण १००० हर्ट्झवर आहे. गायकाचे मूळ स्वर जवळजवळ सगळे त्याखाली येतात, म्हणजे मंद्रापासून तारसप्तकाच्या बऱ्याच भागापर्यंत स्वराचा पाया एकाच मोठ्या कागदी कोनातून येतो. पाच-सहा इंची वूफरमध्ये हेच काम होते, पण खालचा खर्ज काढण्यासाठी त्याला पुष्कळ पुढेमागे हलावे लागते आणि त्याच कोनाकडून त्याच क्षणी गळ्याचे बारकावेही हवे असतात. डग्गा जोरात आला की गाणे किंचित ढवळले जाते. दहा इंची कोन तेवढ्याच खर्जासाठी फार थोडा हलतो. हा काही जुन्याचा मोह नाही, क्षेत्रफळाचा हिशेब आहे. उलट वरच्या टोकाला आजचे ट्वीटर अधिक सफाईदार आहेत यात शंका नाही. सतार-संतूर ऐकणाऱ्याला कदाचित मी वेगळा सल्ला दिला असता.

अनुस्वार

वरच्या टोकाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, साठीनंतर बहुतेकांना दहा-बारा हजार हर्ट्झच्या वरचे फारसे ऐकू येत नाही. नवा ट्वीटर वीस हजारांपर्यंत जातो म्हणून पैसे मोजणारे अनेक सद्गृहस्थ मी पाहिले आहेत.

मारवा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितलेल्या परीक्षा केल्या, त्यांचा वृत्तान्त देते.

जाळी काढल्यावर डाव्या वूफरची कडा खालच्या बाजूने सुमारे चार बोटे फाटलेली दिसली. बाकीचा फोम नखाने दाबला तर वळ तसाच राहतो आणि बोटाला तपकिरी चिकट काहीतरी लागते. उजव्याची कडा वरकरणी अखंड आहे, पण रंग तोच. दाबून पाहिल्यावर घासल्याचा आवाज दोन्हींत आला नाही. उजव्याचा कोन सावकाश परत येतो, डाव्याचा झटकन. रेझिस्टन्स दोन्ही बाजूंना सहाच्या जवळपास आहे. ॲम्प्लिफायर चाळीस वॉटचा आहे.

स्विचबद्दल केंब्रिजकर यांचे विशेष आभार. उजव्या स्पीकरचा स्विच पुढेमागे फिरवताना प्रथम खरखर झाली आणि मग ट्वीटर एकदम खुला झाला. मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या एका मैफलीच्या मुद्रणात त्यांच्या मागचा तानपुरा पुन्हा वेगळा ऐकू येऊ लागला आहे. मात्र डाव्याशी ताडून पाहता उजवा अजूनही किंचित मवाळ वाटतो. हे कपॅसिटरचे लक्षण असेल का? आणि ते बदलायचे तर कोणते घालावेत, कारण इंटरनेटवर याबाबत परस्परविरोधी मते दिसतात.

केंब्रिजकर

आधी तो फरक स्पीकरचाच आहे याची खात्री करा. ॲम्प्लिफायर बंद करून डावी-उजवी वायर आपसांत बदला आणि तेच मुद्रण मोनोमध्ये ऐका. मवाळपणा उजव्या पेटीतच राहिला तर दोष स्पीकरचा. बाजू बदलून डावीकडे गेला तर दोष ॲम्प्लिफायरचा किंवा त्याच्या आधीचा. स्पीकर बदलण्याच्या कित्येक चर्चा एवढ्या एका परीक्षेवर संपलेल्या मी पाहिल्या आहेत.

कपॅसिटरबाबत माझे मत सावध आहे. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळतात, त्यांचे मूल्य सरकते आणि आतील रोध वाढतो, हे खरे. ते काढून चांगले पॉलिप्रॉपिलीनचे घातले की स्पीकर उजळतो. परंतु कधीकधी तो मूळ रचनेपेक्षाही उजळतो, कारण रचनाकाराने त्या जुन्या कपॅसिटरचा थोडा रोध गृहीतच धरलेला असतो.

खर्ज

बरोबर आहे, आणि म्हणूनच मी आधी मोजतो. कपॅसिटरचे एक टोक सोडवून मूल्य पाहायचे. छापील आकड्यापासून दहा टक्क्यांच्या आत असेल आणि रोधही वाढलेला नसेल तर हात लावत नाही. बाहेर असेल तर दोन्ही स्पीकरांचे एकदमच बदलतो, एका बाजूचे कधीही नाही. नवीन फिल्म (म्हणजे पॉलिप्रॉपिलीनसारख्या) कपॅसिटरने आवाज टोचू लागला तर त्याच्याबरोबर एखाद्या ओहमच्या आतबाहेरचा रेझिस्टर मालिकेत जोडला की स्वभाव पूर्ववत होतो. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे भाग मिळतात. फक्त दुकानात ‘नॉन-पोलर’ (धन-ऋण टोके नसलेला) असे स्पष्ट सांगायचे, नाहीतर साधा धन-ऋण टोकांचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हातात पडतो.

चाळीस वॉट लहान हॉलला पुरतील. आवाजाची कळ दोन-तृतीयांशाच्या पुढे जाऊ लागली तर मात्र थांबावे.

रोकठोक

परीक्षांचे निकाल पाहता कॉइल वाचल्या आहेत, त्यामुळे माझा विरोध मी सौम्य करतो. पण एक विनंती आहे. फोम बदलून झाल्यावर महिनाभराने एखादी नवी जोडी घरी आणून ऐका. बरेच चांगले विक्रेते घरी ऐकून पाहू देतात. शोरूमच्या गादीदार भिंतींत ऐकून काहीही ठरवू नये. आणि ताडून पाहताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. एखादा डेसिबल मोठा वाजणारा स्पीकर मोठा वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवले आहे, की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतो. तेव्हा गुलाबी गोंगाटाची (पिंक नॉइज, म्हणजे खालपासून वरपर्यंतचे सगळे स्वर असलेली एकसारखी सळसळ) चाचणी फाइल लावून, मोबाइलमधील ध्वनिमापक आसनाच्या जागी ठेवून दोन्ही जोड्या एका आकड्यावर आणा, मगच गाणे लावा. आता फाटक्या कडेचा स्पीकर आणि नवा स्पीकर यांची तुलना करणे हा नव्यावरही अन्याय आहे, कारण तो फुकट जिंकतो.

रानमोगरा

तांत्रिक ज्ञान नाही, परंतु खोलीविषयी अनुभवाने लिहिते. आम्ही चाळीतून फ्लॅटमध्ये आलो तेव्हा तेच स्पीकर ओळखू येईनात. व्हिट्रिफाइड फरशी, काचेचे सरकते दार आणि रिकाम्या भिंती यांमुळे प्रत्येक टाळीचा प्रतिध्वनी येत होता. स्पीकरांसमोर जाड सतरंजी, काचेच्या दाराला दुहेरी पडदा आणि मागच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट एवढे केल्यावर नवीन स्पीकर घ्यायचा विषयच निघाला नाही. मारवाताईंनी नव्या घरात सामान लागण्याआधी निर्णय घेऊ नये, असे मला वाटते.

केंब्रिजकर

रानमोगरा यांच्याशी सहमत. रोकठोक यांनी घुमण्याचा मुद्दा काढला होता, त्यावर एवढेच सांगतो, की ही पेटी हवाबंद आहे, हिला मागे हवेचे छिद्र नाही. त्यामुळे छिद्राच्या स्पीकरइतकी ती भिंतीवर रुसत नाही. हवाबंद पेटीचा खर्ज खाली हळूहळू उतरतो, आणि लहान खोली जो खर्ज आपणहून वाढवते तो त्या उताराला बराचसा भरून काढतो. जमिनीवर मात्र ठेवू नका. फूटभर उंचीचे, किंचित मागे कललेले लाकडी बैठे स्टँड सुताराकडून करून घ्या, भिंतीपासून वीतभर तरी पुढे, आणि ट्वीटरचे तोंड आसनाकडे.

केवळ माहितीसाठी : केएलएचने २०२१ मध्ये आपला जुना मॉडेल फाइव्ह नव्याने बाजारात आणला आहे. दहा इंची कागदी वूफर, हवाबंद पेटी, मागे पातळीचा तीन जागांचा स्विच, खाली कललेला स्टँड. भारतात तो तुमच्या अंदाजपत्रकाच्या पुष्कळ वर जातो. पण आजही कोणी याच मांडणीसाठी एवढी किंमत लावते, हे तुमची जोडी भंगारात घालायला निघालेल्या दुकानदाराला सांगायला हरकत नाही.

मारवा

वायर बदलून पाहिली. मवाळपणा उजव्या पेटीबरोबरच राहतो, तेव्हा कपॅसिटर मोजून घ्यावे लागतील.

सध्याचा विचार असा आहे. दोन्ही वूफरच्या कडा बदलायच्या, कारण उजवीही फार दिवसांची सोबती नाही. कपॅसिटर मोजून गरज असेल तरच बदलायचे. नव्या घरात रानमोगरा म्हणतात तसे सामान लागेपर्यंत नवी खरेदी नाही; त्यानंतर रोकठोक यांच्या पद्धतीने एक नवी जोडी घरी आणून ऐकायची. ती खरोखर सरस वाटली तर ॲडव्हेंट माझ्या पुतण्याकडे जातील. त्याने ते आधीच मागून ठेवले आहेत, आणि खरे सांगायचे तर हे कळल्यापासून नव्या जोडीकडे मी जास्त मोकळेपणाने पाहू लागले आहे.

खर्ज, हे काम तुम्ही कराल का? आणि पेट्या सांगलीला कशा पाठवाव्यात?

खर्ज

जरूर करेन. पेट्या पाठवू नका, फक्त दोन्ही वूफर आणि क्रॉसओव्हरच्या (वूफर-ट्वीटरमध्ये स्वर वाटून देणाऱ्या, कपॅसिटर असलेल्या) पाट्या पाठवा. वायर सोडवण्याआधी प्रत्येक टोकाचा मोबाइलवर फोटो घ्या आणि वूफरच्या चुंबकावर ‘डावा’, ‘उजवा’ असे लिहा. पेटीचे स्क्रू भुसा-लाकडात बसलेले असतात, ते हाताच्या स्क्रूड्रायव्हरनेच काढा. मशीन लावले की आटे जातात आणि मग पेटी पुन्हा हवाबंद करणे जिकिरीचे होते. आत काचेच्या लोकरीची भरण असेल तर हातमोजे घाला आणि ती जागची हलवू नका. वूफर जर सुरुवातीच्या बनावटीचा असेल तर त्याच्या पत्र्याच्या चौकटीवर तपकिरी मॅसोनाइटची (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या पाटीची) रिंग असेल; १९७७ च्या सुधारित आवृत्तीला ती नाही, आणि दोन्हींच्या फोमचे माप वेगळे आहे. म्हणून पार्सल करण्याआधी समोरून एक स्वच्छ फोटो इथेच टाका, म्हणजे मी योग्य कडा मागवून ठेवतो. कोनाच्या तोंडावर जाड पुठ्ठ्याचे झाकण हवे, खोक्यात चुंबक खाली आणि कोन वर. पत्ता खाजगी निरोपाने कळवला आहे.